आमेन कुणी म्हणायचं

माझी आजी प्रार्थनेशिवाय चहासुद्धा घ्यायची नाही. चहाला छोटी प्रार्थना, जेवणाला मोठी, आणि रविवारी मटण असेल तर रस्सा गार होईपर्यंत. आमच्याकडे रीत अशी, की एकाने प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. घरात आम्ही दोघीच. माझी आई, म्हणजे आजीची एकुलती एक मुलगी, मी शाळेत असताना कॅन्सरने गेली. तेव्हा आजीने चर्चच्या सगळ्या मंडळीला उपवासाला बसवलं होतं आणि मीही गुडघे दुखेपर्यंत मागितलं होतं. आई गेली त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. आजीने मला त्यावरून कधी टोकलं नाही. ती प्रार्थना करायची, मी ताटाला हात न लावता थांबायची, आणि शेवटी आमेनही तीच म्हणायची. वर्षानुवर्षं आमचं असंच चाललं होतं.

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला बाईच म्हणायची. पाठांतराचा तिला भारी राग. एखादं मूल धडाधडा उत्तर म्हणायला लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. ‘पोपटाला पेरू देतात, मार्क देत नाहीत,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. तेच मूल अडखळलं आणि चुकीचं का होईना, पण स्वतःचं काहीतरी बोललं, की तिचे डोळे उघडायचे. मीही तिच्याच वर्गात होते. घरची म्हणून मला जरा जास्तच पेरू मिळाले.

यंदाच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. नळाला पाणी यायचा दिवस होता. भांडी भरून मी आत आले, तर ती पलंगाच्या कडेला कलंडलेली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडातून नुसता ‘बा, बा’ असा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, ताठ बसवून चमच्याने भरवा, नाही खाल्लं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करते. तिथून रजा काढली आणि ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, ताक घालून तिच्यापुढे बसले.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दूध आणलं, पेज आणली, तिच्या आवडीचं आइस्क्रीम आणलं. ओठ मिटलेलेच. विनवण्या केल्या, मग रागावले, मग रडले. दोन दिवस हेच. तिच्या पोटातली भूक मला चेहऱ्यावर दिसत होती आणि तरी ती तोंड उघडत नव्हती. मी चमचा आपटला. मला वाटलं, हिला माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरायचं आहे.

माझा आवाज ऐकून शेजारच्या मावशी आल्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, पण मराठी मुळाक्षरं आजीनेच गिरवून घेतलेली. त्या मला म्हणाल्या, “तू प्रार्थना केलीस व्हय?”

मी नाही म्हटलं.

“मग बाई कशा जेवतील? शाळेत आमाला डबासुदिक उघडू देत न्हवत्या की.”

मला हे सुचलं नव्हतं. मी हात जोडले आणि रविवारच्या उपासनेत म्हणतात ती प्रार्थना एका दमात म्हणून टाकली. आजीने डोळे मिटले. माझं संपलं तरी मिटलेलेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि संतापाने अंगाची लाही झाली. मरायला टेकलीस आणि अजून परीक्षा घेतेस? मी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी फार सुंदर प्रार्थना केली, कण्या पार गार होईपर्यंत. तेही एकेकाळी तिचेच विद्यार्थी. त्यांनाही पेरूच मिळाला.

ते गेल्यावर मी वाटी घेऊन समोर बसले. म्हटलं, “देवा, मला तुझ्याशी बोलायचं नाही. तू माझी आई नेलीस. पण ही उपाशी मरतेय आणि मला हिच्याशिवाय कुणी नाही. हिला खाऊ दे.”

आजीने डोळे उघडले. मग तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी तीच प्रार्थना चालली नाही. दर जेवणाला नवी लागायची, आणि खरी. मग मी काय काय बोलले त्या वाटीसमोर! तिचं अंथरूण धुताना मला ओकारी येते, हे सांगितलं. रजा संपली की काय करू, कळत नाही, म्हटलं. देवा, तुझी भीती वाटत नाही, एकटेपणाची वाटते, म्हटलं. शेवटी मात्र दर वेळी एकच मागणं असायचं, हिला राहू दे. ती चार घास खायची. आमेन कुणीच म्हणायचं नाही.

मग पाठीला जखमा झाल्या. कूस बदलली की ती आवाज न करता रडायची. ताप उतरेना, घास कमी होत गेले. एका दुपारी मी कण्या घेऊन बसले आणि म्हटलं, हिला राहू दे. तिने डोळे मिटून घेतले.

उत्तर मला माहीत होतं. ते मला द्यायचं नव्हतं. वाटी हातातच गार झाली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. शेवटी मला ते बोलावंच लागलं.

“देवा, हिला फार त्रास होतोय. मला ही हवी आहे. पण आता हिला ने.”

तिने डोळे उघडले. वाकडं झालेलं तोंड बराच वेळ हलत राहिलं, आणि त्यातून तुटक आवाज आला, “आ... मेन.”

मी चमचा पुढे केला. तिने डाव्या हाताने माझं मनगट हळूच खाली दाबलं. नळी घालायला मी नकार दिला. तिने नंतर फक्त ओठ ओले करू दिले, आणि पुढच्या रविवारच्या आत ती गेली.

आता मी एकटीच जेवते. ताट वाढलं की हात आपोआप थांबतो. मग मी बोलते, बहुतेक वेळा भांडतेच. सगळं बोलून झालं की गप्प बसते. पुढचा शब्द दुसऱ्याने म्हणायचा असतो, आणि घरात दुसरं कुणी नाही.