चौकटीतली रिकामी बाजू

रंगूनच्या स्टुडिओत कॅमेरामन ऊ ऑन पेला तोंडावर सगळे 'सया' म्हणत, म्हणजे गुरुजी. पाठीमागे मात्र त्याचं नाव 'हमाल' होतं. नट भलत्या जागी उभा राहिला की दुसरा कुठलाही कॅमेरामन ओरडेल, "जरा डावीकडे, जरा मागे." ऑन पे ओरडायचा नाही. नटाला तो आहे तिथेच राहू द्यायचा आणि कॅमेऱ्याचं धूड, तिपाई, सगळं बिऱ्हाड स्वतःच्या खांद्यावर घेऊन आपणच हलायचा. अठरा वर्षं त्याने कुणाला 'मागे सर' म्हटलं नव्हतं.

त्याआधी म्हटलं होतं. सगाइंगजवळ, इरावतीच्या उंच काठावर.

पावसाळा नुकता सरला होता, नदी अजून गढूळ होती. नायक तोंड रंगवत बसला होता, म्हणून चौकट बांधायला आणि थोडी फिल्म चालवून बघायला त्याच्या जागी ऑन पेचा थोरला भाऊ को बा यिन उभा राहिला. तो त्याच कंपनीत सुतार होता. बुटका, गालात कायम पान.

"दादा, एक पाऊल मागे."

"लहानपणी मी तुला ढकलायचो, आता तू ढकलून घे," बा यिन हसत सरकला.

"अजून एक."

काठ आतून पोखरलेला होता. भिंगात माणूस होता, आणि मग नव्हता. लोक धावले, दोघांनी उड्या टाकल्या. ऑन पेचा डोळा भिंगाला चिकटलेलाच. दादा खालून वर येईल, पुन्हा चौकटीत उभा राहील, म्हणून तो वाट बघत राहिला. आतली फिल्म संपून नुसती फडफड ऐकू यायला लागली, तेव्हा कुणीतरी त्याला धरून बाजूला ओढलं.

प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. ऑन पेने ती फिल्म धुतली नाही. डब्यात घातली, डबा पेटीत, पेटी पलंगाखाली. मंडालेला वहिनीच्या दारी, सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण होतं तेव्हाही, तो गेला नाही. तिला काय सांगणार होता?

पुढे त्याच्या चौकटीत एक खोड आली. माणूस कधी मधोमध नसायचा. एका कडेला बसलेला, आणि शेजारी कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी मोकळी जागा. भिंगाला डोळा लावला की ती बाजू त्याला मोकळी सोडावीच लागे. ती भरली, की तो कॅमेरा उचलून दुसरीकडे न्यायचा.

को थाउंग नावाच्या तरुण दिग्दर्शकाशी त्याचं यावरूनच वाजलं. आईला मुलगा गेल्याची बातमी कळते, असा प्रसंग होता. थाउंगला तिचा चेहरा पडदाभर हवा होता. ऑन पेने कॅमेरा पार दाराबाहेर नेला, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली ठेवला. म्हातारी चटईच्या एका टोकाला, उरलेली चटई रिकामी.

"सया, अश्रू कुठायत? लोक काय चटई बघायला येतात?"

"तोंड दाखवलंस तर लोक तिच्याकडे बघतील," ऑन पे म्हणाला. "असं ठेवलं, तर ती बघते तिकडे बघतील."

"आणि नाहीच बघितलं तर?"

"तर मला शिव्या दे. तशाही देतोसच की."

थाउंग चडफडला, पण त्याने तसंच घेतलं. चित्रपट लागला आणि थिएटरात त्या जागी चिडीचूप व्हायला लागलं.

महिन्याभराने स्टुडिओच्या फाटकात एक बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे, गालाला थनाखाच्या सालीचा पिवळसर लेप, हातात खाण्याचा डबा. ऑन पेने ओळखलं. बा यिनची बायको, मा सेइन.

"मंडालेत तुमचा सिनेमा बघितला, भावोजी. त्या चटईवर तो होता."

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"एक पाऊल मागे म्हणालात. मग अजून एक. ठाऊक आहे मला. तुमच्या कंपनीतल्या स्वयंपाक्याने चितेपाशीच सांगितलं." तिने डबा पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवला. "त्याचा राग मला वर्षभर होता. पण तुम्ही दारात आला नाहीत, त्याचा राग अजून आहे."

अठरा वर्षं ऑन पेने जे लपवलं, ते लपलेलं नव्हतंच.

"त्या वेळची फिल्म आहे?"

"आहे. धुतली नाही."

"मग धुवा. मी बसते."

ती खरंच बसली. प्रयोगशाळेच्या ओट्यावर, चहा पीत, दुपारभर. दमटपणाने फिल्म खाल्ली होती. पडद्यावर आधी नुसते डाग वळवळले, मग क्षणभर बा यिन दिसला. कपाळावर हात धरून उन्हातून बघत हसणारा. पुन्हा डाग. आणि शेवटी, स्वच्छ, बराच वेळ, फक्त नदी. ऑन पेने मान खाली घातली. मा सेइनने घातली नाही. फिल्म संपेपर्यंत ती नदीकडे बघत होती.

"हसत होता," ती म्हणाली. "मला वाटायचं, घाबरला असेल."

हसण्याच्या त्या एका चौकटीचा त्याने फोटो काढून दिला. थडिंजूटच्या सणाला, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायच्या दिवसांत, तो पहिल्यांदा मंडालेला गेला. वहिनीने वाढलं, आणि त्याचा घास तोंडात असतानाच म्हणाली, "रस्ता सापडला म्हणायचा. मला वाटलं, रेल्वे यंदाच सुरू झाली."

फोटो तिने बुद्धाच्या देव्हाऱ्याखाली लावला होता. ती फोटोकडे बघत राहिली.

"एवढा उंच नव्हता हो तो. माझ्या कानाला लागायचा."

"कॅमेरा खाली होता, वहिनी. दादाकडे मी नेहमी खालूनच बघत आलो. तिथेही तसाच लावला गेला असेल."

"मग असू दे उंच."

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.