नसरापूरचा स्कोअर चढवणारा

अकरा फेब्रुवारी, मंगळवार. मागितलेली रक्कम अठरा हजार रुपये. हजर माणसं चार: मी, माझी धाकटी बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि ज्याला पैसे द्यायचे तो इसम. ठिकाण नसरापूर, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली.

पडलेला क्रेडिट स्कोअर पंधरा दिवसांत चढवून द्यायचा, हा इसमाचा धंदा. 'शंभर टक्के गॅरंटी' असा बोर्ड त्याने भिंतीला टेकवून ठेवला होता. तो अजून ठोकलेलाही नव्हता. उचलायला सोपा जावा, म्हणून असेल.

बहीण वेल्ह्याच्या बाजूला राहते. तिच्या गावातली भाताची गिरणी विकायला निघाली होती. मालक म्हातारा, त्याला दिसेनासं झाल्यापासून पट्टा चढवण्यापासून कोंड्याच्या हिशेबापर्यंत सगळं बहीणच बघायची. म्हाताऱ्याने तिला सांगितलं होतं, "होळीपर्यंत थांबतो. म्होरं शिवऱ्याचं गिऱ्हाईक तयार हाय." गिरणी घ्यायची तर कर्ज हवं होतं. बँकेने दाजींचा स्कोअर पाहिला, पाचशे एकसष्ट, आणि कागद परत दिले. त्यावर दाजींनी हा इसम शोधून काढला.

"काका, टेन्शन घेऊ नका," इसम मला म्हणाला. "वरपर्यंत ओळख आहे. सगळं निगेटिव्ह क्लीन करून देतो."

"कोणती नोंद काढणार?"

"ते सिस्टिममधलं असतं, काका."

"यांचा रिपोर्ट बघितलाय का तुम्ही?"

"त्याची गरज नसते."

जनावर न बघता त्याचे दात सांगणारा दलाल मी कुठल्याही बाजारात पाहिलेला नाही. हा पहिला.

"नोंद खरी असली तर कशी काढणार? आणि खोटी असली तर ती तक्रार करून फुकट दुरुस्त होते. मग अठरा हजार कशाचे?"

तो हसला. म्हणाला, आधार, पॅन आणि मोबाईलवर येईल तो ओटीपी द्या, बाकी माझ्यावर सोडा. नाहीच जमलं तर दुसरं पॅन काढू, नव्या माणसाला जुना डाग नसतो. दोन पॅन बाळगणं बेकायदा आहे, असं मी सांगितलं. "सगळेच करतात, काका," हे त्याचं उत्तर. पावती मागितली, तर म्हणाला, आपलं काम विश्वासावर चालतं.

दाजी मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमी लई खोलात शिरताय. माणूस चांगला हाय. च्या पाजला न्हाई का आपल्याला?"

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर बोलत नाहीत. त्यांना ऐकवायचं ते बहिणीला ऐकवायचं, ही जुनी सोय आहे. मी बहिणीकडे वळलो. "तुला अक्कल कधी यायची? गिरणीत मूठभर कणी कमी आली तर गिऱ्हाइकाशी तासभर भांडतेस. हितं पावती न्हाई, रिपोर्ट न्हाई, आणि बसलीस मान हलवत!"

बहिणीला ही सोय ठाऊक होती, पण त्या दिवशी ती भडकली. "मला कशाला बोलतोस, दादा? चार हजार म्या दिलेत व्हय त्याला?"

दाजी टोपी काढून तिची घडी बघत बसले.

"ते टोकन," इसम म्हणाला. "ते परत होत नसतं."

मी दोघांना घेऊन उत्रोलीला माझ्या घरी आलो. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. दाजींच्याच मोबाईलवर तो काढला आणि वाचला. खोटी नोंद एकही नव्हती.

"म्या कुणाचा रुपया बुडवला न्हाई," दाजी म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांनी फायनान्सवर मोटारसायकल घेतली होती. हप्ता महिन्याचा. पण दाजींना कर्ज माहीत ते सोसायटीचं, पीककर्ज, वर्षातून एकदा भरायचं. म्हणून ते दरवर्षी भात विकलं की बारा महिन्यांचे हप्ते एकदम भरून यायचे, वर काउंटरवरच्या माणसाला पेढा. त्यांच्या लेखी ही शिस्त होती. तिकडे दर महिन्याला थकबाकी लागत होती आणि दंड चढत होता. हप्ते सगळे फिटले होते, पण दंडाचे तीन हजार सहाशे चाळीस अजून बाकी होते. त्यासाठी येणारे फायनान्सचे फोन दाजी फसवाफसवीचे म्हणून कापायचे. नसरापूरच्या इसमाचा फोन मात्र त्यांनी पहिल्या रिंगला उचलला होता.

हे सगळं मी बहिणीकडे तोंड करून सांगितलं. दाजी भिंतीकडे बघत ऐकत होते.

बँकेतल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बाकी भरा, फायनान्सकडून खातं बंद झाल्याचं पत्र घ्या, पुढचं जे काही असेल ते तारखेला भरा, वर्षभराने या. होळीपर्यंत काही होईल का, असं बहिणीनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला त्यांचा राग आला, पण निदान ते खोटं बोलले नाहीत.

टोकन मागायला मी एकटा पुन्हा नसरापूरला गेलो. इसम जागेवरच होता, बोर्डही आता ठोकलेला होता. रोख परत मिळणार नाही म्हणाला, पण मोठं पॅकेज घेतलंत तर त्यात चार हजार वळते करून देतो. समोर शिरवळकडचा कुणी बसलेला होता. मी त्याला म्हटलं, "पावती मागा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचं काम मोडायला आलो होतो.

होळी झाली. म्हाताऱ्याने शब्दाप्रमाणे तोवर वाट पाहिली, मग गिरणी शिवऱ्याच्या माणसाने घेतली. बहिणीला त्याने रोजावर ठेवलं. पट्टा अजून तीच चढवते.

फायनान्सला तीन हजार सहाशे चाळीस रुपये दिले. बहिणीनं तिच्या वाट्याचा कोंडा विकून भरले, पत्र घेतलं. इसमाला टोकनाचे चार हजार. ते दाजींनी आधीच दिले होते, मोबाईलवरून, इसमाच्या मेव्हण्याच्या खात्यात.