नानांना उचलायचं कसं

"सोड आता!" झोळीत लोंबकळणारे नाना वरून ओरडले आणि काकूंनी सोडलं.

खाली व्हीलचेअर अजून अर्धीच आली होती. मी ती गुडघ्याने पुढे रेटली, झोळीचा पट्टा धरून नानांना मागे खेचलं. ते कसेबसे सीटवर टेकले. कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट होते. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणत. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून तोंड दुखे. मांडवीचे नाना आंब्याच्या कलमावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. नाना उंचेपुरे, त्यांची बायको, म्हणजे काकू, चिमूटभर. शेजारचे दोघे बगलेत हात घालून नानांना उचलत. ते दोघे मासेमारीला बोटीवर गेले की नाना दिवसभर पलंगावर. पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या.

म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने मुंबईहून जुनी पेशंट लिफ्ट आणली. चाकांवर लोखंडी खांब, त्याला पुढे आलेला दांडा, दांड्याला कापडी झोळी. पंप मारला की माणूस वर, व्हॉल्व्ह सैल केला की खाली. गाडीचा जॅक असतो ना, तसंच. पण भावाची अट होती. वहिनींना एकट्याने जमलं तर ठीक, नाहीतर नानांना मुंबईच्या नर्सिंग होममध्ये ठेवायचं.

सोललेलं कोपर बघून भाऊ म्हणाले, "बघितलंत ना? उद्या मान मोडेल. मी गाडी सांगतो."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

काकूंनी मला विचारलं, "तिथे मला राहू देतील काय हो यांच्याजवळ?"

"नाही."

"मग हे जायचे नाहीत." त्यांनी पदर खोचला.

"दोन दिवस द्या," मी भावाला म्हटलं.

पलंग इतका बुटका, की लिफ्टचे पाय खाली जाताना अडकत. चारी खुरांखाली जांभ्या दगडाचे चिरे घातले, पलंग वर आला. मग काकूंना शिकवलं. खुर्चीला ब्रेक लावायचा, लिफ्टची चाकं मोकळी सोडायची, म्हणजे वजन आपोआप मध्ये येतं. झोळीचा प्रत्येक फास हुकात बसलाय का, ते हात लावून बघायचं. वीतभर उचलायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. भाताचं पोतं झोळीत घालून काकूंनी दुपारभर सराव केला. एकदा चुकल्या नाहीत. नाना झोळीत आले की मात्र सगळा गोंधळ.

कारण पोतं बोलत नाही. नानांचा जन्म बागेत गड्यांना हुकूम सोडण्यात गेलेला. त्यांचा आवाज आला की काकूंचे हात आधी हलत, डोकं मागून.

"नाना, लिफ्टवर असताना तुम्ही बोलायचं नाही."

"माझ्या घरात?"

"तुमच्याच घरात."

"मग सांगणार कोण?"

"काकू."

नाना खो खो हसले. काकू म्हणाल्या, "इश्श! मी यांना काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी भाऊ दारात उभे राहिले. मी हात बांधून बसले. काकूंनी फास तपासले, पंप मारला, नाना वर आले. खुर्चीपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. मग राहवेना.

"अगो, आली खुर्ची, सोड!"

काकूंचा हात व्हॉल्व्हवर गेला. संपलं, मी मनात म्हटलं आणि अर्धी उठले.

"गप्प बसा हो!" काकू कडाडल्या.

नाना गप्प. दारातले भाऊसुद्धा दचकले.

"पाय अडकलाय तुमचा खुर्चीत. मी सोडीन तेव्हा खाली यायचं."

पाय खरंच अडकला होता. मला माझ्या जागेवरून तो दिसलाही नव्हता. काकूंनी तो सोडवला, गुडघे मागे दाबले आणि सावकाश, अगदी सावकाश नानांना सीटवर आणलं. मग त्या रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

नाना थोड्या वेळाने म्हणाले, "आता बोलू काय?"

"बोला."

"पडवीत ने. कलमांना मोहोर कितपत धरलाय बघू दे."

भावाने गाडीचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर बऱ्याच घरांत मी लिफ्ट शिकवली. ब्रेक, हूक, पंप कुणालाही चार दिवसांत येतात. पण लिफ्टला हात लावण्याआधी मी घरच्यांना बजावते, इथे हुकूम एकाचाच चालणार, आणि तो ज्याचे पाय जमिनीवर आहेत त्याचा.