बिनपडद्याच्या गावातला उन्हाळा

त्या गावात खिडक्यांना पडदे नव्हते. म्हणजे असतील, पण ओढत कोणी नव्हतं. संध्याकाळी मी आणि बायको कालव्याच्या काठानं फिरायला निघालो की कोणाच्या ताटात काय आहे तेसुद्धा रस्त्यावरून दिसायचं. आमच्या पांढुर्ण्यात घर असं उघडं टाकलं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्याला आपली भाजी माहीत होईल. मला मात्र ते आवडलं होतं. लपवण्यासारखं काही नसलेली माणसं आहेत ही, असं मी मुलाला म्हणालोही. तो ‘हो’ म्हणाला. ते ‘हो’ आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

मुलगा नोकरीसाठी हॉलंडला जाऊन सात वर्षं झाली होती. ‘तिकडे उन्हात भाजून निघण्यापेक्षा पूर्ण उन्हाळा इथं काढा,’ म्हणाला, म्हणून मे लागताच आम्ही गेलो. मे महिन्यात स्वेटर घालायची ती पहिलीच वेळ. जेवण संध्याकाळी सहाला, ऊन लख्ख असताना. उजेड रात्री दहापर्यंत, त्यामुळे झोप आली की नाही हे घड्याळाला विचारावं लागे. नात सकाळी पावाला लोणी फासून त्यावर चॉकलेटचे दाणे पेरायची आणि त्यालाच नाश्ता म्हणायची. तिकडे कोथिंबीर कुंडीतच विकतात; बायकोनं एकदा सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली, तर दोन कुंड्या त्यातच संपल्या. आठवडी बाजारात संत्री मिळत, मेण लावल्यासारखी चकचकीत. एक खाऊन पाहिलं. आमच्या संत्र्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

संत्र्याचं सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावरच आहे. जाम नदीच्या पलीकडे, सावरगावच्या अंगाला आमचं शेत. पाच वर्षांपूर्वी मी नोकरीतून निवृत्त झालो आणि त्याच साली डिंक्या रोगानं जुना बगीचा गेला. मी कपाशी लावणार होतो. माझ्या वयाच्या माणसानं कपाशीच लावावी, यंदा पेरा आणि यंदाच वेचा. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं घेतं, तेवढी कोणी पाहिलीत? पण मुलगा फोनवर म्हणाला, “बाबूजी, संत्राच लावा. झाडं फळावर येतपर्यंत मी येऊनच राहिलो.” एवढ्या एका वाक्यावर मी कलमं आणली. आळी केली, उन्हाळ्यात जीव टाकून पाणी दिलं. दर रविवारी फोनच्या पडद्यावर त्याला झाडं दाखवायचो. तोही म्हणायचा, “मस्त वाढून राहिली बाबूजी.” यंदा पहिला बहार धरायचा होता. मृगाच्या बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पाऊस आला की उपाशी झाड एकदम फुलतं. मी ताण देऊन, शेजारच्या शेतकऱ्याला लक्ष ठेवायला सांगून निघालो होतो. परतताना मुलगा सोबत असेल, असं मनात धरून.

त्या लोकांची एक रीत आहे. वाढदिवसाला पाहुणे आले की खोलीत गोल करून बसतात आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर त्याच्या आईबापाचं, आजीआजोबांचं, सगळ्यांचं हात मिळवून अभिनंदन करतात. नातीच्या वाढदिवसाला मी हे पाहिलं होतं. म्हणून जूनमध्ये एका सकाळी आम्हा दोघांना बाजारात पाठवलं, दुपारी परत आलो आणि घरात खुर्च्या गोल मांडलेल्या, केक, फुलं, शेजारीपाजारी दिसले, तेव्हा मी बायकोला विचारलं, “सूनबाईचा वाढदिवस हाये काय?”

“हो,” ती म्हणाली. “बसा तुमी.”

एकेक जण येऊन माझा हात हलवत होता. मी प्रत्येकाला थँक्यू म्हणत होतो. वर बायकोला म्हणालो, नुसती बसते काय, नारळ आणलाय ना, ओटी भर सुनेची. ती उठली. ती ओटी भरत होती तेव्हा सून मान वर करत नव्हती. मला वाटलं, परक्या लोकांत लाजली.

मग शेजारचे म्हातारे गृहस्थ बाजूला येऊन बसले. भला माणूस. इंग्रजीत सावकाश म्हणाले, “आता तुमचा मुलगा खरा आमच्यातला झाला. सकाळी नगरपालिकेत नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मी टाळ्या वाजवायला होतो. तुम्ही का नाही आलात?”

मी त्यांनाही थँक्यू म्हणालो.

आमच्याकडे गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवरून गावं एकमेकांवर दगड मारतात; तिथं निदान दगड समोरून येतो. पाहुणे गेल्यावर मी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. अर्ज मागच्याच वर्षी केला होता. म्हणजे वर्षभर, दर रविवारी, हा झाडं पाहून ‘मस्त वाढून राहिली’ म्हणत होता.

“सांगणारच होतो बाबूजी,” तो म्हणाला. “तुमाले तरास होईल म्हणून थांबलो.”

“अन् झाडं लावाले तरास नाही झाला मले?”

मी बायकोकडे वळलो. “तुले माहीत होतं?”

“होतं,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. तो वापस येनार नाही, हे तो जाऊन राहिला तवाच समजलं होतं मले. मीच म्हटलं त्याले, संत्रा लावा म्हन बाबूजीले. नोकरी सुटल्यावर तुमी दिवसभर भिंतीकडे पाहत बसायचे. झाडं नसती तर काय केलं असतं तुमी?”

मुलाचं खोटं मी एखादे वेळी गिळलं असतं. हे गिळवलं नाही. पाच वर्षं मी समजत होतो की मी मुलासाठी बगीचा उभा करतोय, आणि ही दोघं मिळून मला गुंतवून ठेवत होती, रडक्या पोराच्या हातात वाटी-चमचा द्यावा तशी. त्या घरात पुढचे कितीतरी दिवस मी नुसतं ठरलेलं करत राहिलो. नातीला सायकलवर धरायचो, कचरा वेगळा करायचो, सहाला जेवायचो.

जून संपत आला तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला.

“काका, पान्याचा पत्ता नाही. झाडांनं माना टाकल्या. पानी देऊन ताण तोडू काय? का राहू देऊ?”

बायको समोर बसून भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. राहू दे म्हटलं असतं, तर आठवडाभरात सगळा बगीचा वाळला असता आणि दोघांना बरोबर उत्तर मिळालं असतं. ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण झाडांनी माझं काय बिघडवलं होतं? माझ्याशी खोटं न बोललेली तेवढीच होती.

“दे पानी,” मी म्हणालो.

बायकोनं निःश्वास सोडला आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. आपलंच बरोबर होतं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.