जान्याचं न वाचलेलं पान

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. विषय निघाला की उठून बाहेर जायचो. आता तसं उठून जाववत नाही, तेव्हा लिहितो.

साठच्या दशकात पालघरला शिबिर होतं. गावोगावच्या तरुणांना गटचर्चा चालवायला शिकवत. गोल बसायचं, मध्ये कुणाला तोडायचं नाही, आणि ज्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत गटप्रमुखाने लिहायचं. मी नवापूरचा मांगेला, मच्छीमाराचा मुलगा. पहिल्याच दिवशी शिबिर चालवणाऱ्या सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "याच्या बोलण्याला मासळीचा वास येतो का? नाही ना? हा गटप्रमुख."

सगळे हसले. मीही हसलो. मला ते बक्षीस वाटलं.

माझ्या गटात मासवणकडचा जान्या होता. वारली. दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मी इतरांना थांबवलं आणि वाट बघत बसलो. खूप वेळाने तो बोलला. त्याचा बाप शेठच्या वाडीत वेठीला होता. आधी शेठची लावणी, मग उरलं तर स्वतःची. नाही गेला तर मार. एवढं सांगून म्हणाला, "उद्या मामलेदार येनार हाय ना? त्याला वाचून दाव."

मी लिहून घेतलं. शब्द न् शब्द.

शिबिराचा तांदूळ त्याच शेठचा. दुसऱ्या दिवशी तो मामलेदाराशेजारच्या खुर्चीत बसला. सर माझ्या कानाशी आले. "तेवढं गाळ. तू शहाणा आहेस."

मी वाचलं. रस्ता. शाळा. वाचनालय. जान्याचं पान उलटलं.

जान्या उभा राहिला. "माजं नाय वाचलंस. तू लिवलंस ना?"

मामलेदाराने माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या हातात होती. मी म्हणालो, "त्याला विषय कळला नव्हता, साहेब."

हशा झाला.  जान्या घोंगडी उचलून निघून गेला.

दुपारी ओट्यावर गटप्रमुखांची पहिली पंगत. मी बसलो. शेठ सरांशी काही बोलला. सर वाकून म्हणाले, "तू जरा ओट्याखाली बस बरं. शेठना मांगेला पंगतीत चालत नाही."

भात वाढून झाला होता. मी पत्रावळ उचलली, सरांच्या पुढ्यात ठेवली. "तुमचा भात तुम्ही खा." प्रमाणपत्र घेतलं नाही. वही पिशवीत टाकली आणि चालत बोईसर गाठलं.

पुढे लोक याला माझं बंड म्हणाले. मी ऐकून घेतलं. माझ्या पत्रावळीवर आलं तेव्हा उठलो, इतकंच. जान्याच्या वेळी बसून होतो.

नंतर बोईसर-तारापूरकडे पुष्कळ गट चालवले. कुणाचं एक वाक्य गाळलं नाही. त्याने काही फिटलं नाही.

एकदा मासवणला गेलो. जान्या बांधावर होता. ओळखलं त्याने. पाणी दिलं. "काय काम काडलंस?" पिशवीत वही होती. "इकडनं जात होतो," म्हणालो. पाणी पिऊन परत आलो. पुन्हा जाईन म्हणत राहिलो, आणि तो गेल्याची बातमी आली.

आता मला जिथे बोलायला बोलावतील तिथे आधी ते पान वाचणार. शेठच्या नावासकट. त्याखाली माझं खोटं, माझ्या नावासकट.

जान्या, विषय तुलाच कळला होता. त्या दिवशी बांधावर एवढंच म्हणायला आलो होतो.