बेचा छापाचे व्हॉल्व्ह

झ्रेन्यानिनमध्ये मिलिसाव तोपालोवला नावाने हाक मारणारे थोडेच. बाकीच्यांचा तो 'बेचलिया', म्हणजे व्हिएन्नावाला. सर्ब लोक व्हिएन्नाला बेच म्हणतात. मिलिसाव त्या शहरात उभ्या आयुष्यात एकदाच गेला. बाकी सगळी नोकरी बेगेय नदीकाठच्या थिएटरात, प्रोजेक्टरमागे गेली. हे नाव त्याला चिकटलं ते वडिलांच्या रेडिओ व्हॉल्व्हांमुळे.

वडील ओब्राद रेडिओ दुरुस्त करत. १९४९ साली ते अचानक नाहीसे झाले आणि दोन वर्षांनी परत आले. कुठे होतात, असं कुणी विचारलं की म्हणत, "बेचला. काम शिकायला." तेव्हा देशाच्या सरकारचं मॉस्कोशी बिनसलेलं होतं, रशियाधार्जिणा म्हणून कुणालाही उचलून तुरुंगात टाकत होते. त्यामुळे नाहीसा झालेला माणूस कुठे असतो, हे गावाला सांगावं लागत नसे. पण ओब्रादने येताना खोकंभर व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओत बसवायच्या काचेच्या नळ्या, आणले होते आणि प्रत्येक काचेवर रुपेरी शाईत पाच अक्षरं होती: BECHA. बेचा, म्हणजे बेचचे. लहानग्या मिलिसावला मांडीवर घेऊन, एकेका अक्षराखाली बोट फिरवत त्यांनी ते वाचायला शिकवलं. बाप तुरुंगात नव्हता, याचा मुलाकडे एवढाच पुरावा.

निवृत्तीनंतर त्याने हा छाप शोधायला घेतला. जुने कॅटलॉग चाळले, संग्राहकांना विचारलं, शेवटी बसने व्हिएन्ना गाठलं. बेचा नावाचा कारखाना कुणी ऐकलेला नव्हता. एका म्हाताऱ्या दुकानदाराने व्हॉल्व्ह उजेडात धरला आणि म्हणाला, "ही घडण आमच्याकडची वाटत नाही." मिलिसावने मनाशी ठरवलं, म्हाताऱ्याची नजर गेली आहे.

या वसंतात गावच्या संग्रहालयाने जुन्या रेडिओंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. मिलिसावने व्हॉल्व्ह दिले आणि शेजारी ठेवायच्या कार्डाचा मजकूरही सांगितला: 'व्हिएन्ना येथे तयार झालेले. तिथे शिक्षण घेतलेल्या ओब्राद तोपालोव यांनी आणलेले.' गावाला एकदाचं छापील उत्तर मिळणार होतं.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी त्याच्या मुलाची धर्ममाता देसांका कॉफीला आली. मेहुणा रादिवोय आधीच राकिया घेऊन बसला होता. मिलिसाव घरी ठेवून घेतलेला एक व्हॉल्व्ह फडक्याने पुसत होता.

"ही व्हेस्ना कोण रे?" देसांकाने विचारलं.

"कोण व्हेस्ना?"

"हातात धरलीयेस ती. काचेवर नाव आहे की."

"बेचा आहे ते."

"तुम्हा इकडच्यांना जिथे तिथे बेच दिसतं. आमच्या लेस्कोवात्सला कुणालाही दाखव, व्हेस्नाच वाचेल."

सर्बियन दोन लिप्यांत लिहितात, लॅटिन आणि सिरिलिक. दोन्ही प्रत्येकाला येतात, पण देसांकाच्या गावाकडे सिरिलिकची सवय जास्त. काही अक्षरं दोन्हींत दिसायला हुबेहूब सारखी, पण उच्चार वेगळे. या पाचांचं तेच होतं: लॅटिन म्हणून वाचली तर बेचा, सिरिलिक म्हणून वाचली तर व्हेस्ना. मिलिसावला दोन्ही लिप्या शाळेपासून येत होत्या. फक्त ही पाच अक्षरं तो शाळेच्या आधी शिकला होता.

"व्हेस्ना म्हणजे रशियनमध्ये वसंत," रादिवोय म्हणाला. "माल रशियाचा निघाला की. दाजी, म्हणजे लोक उगाच नव्हते बोलत."

"गप रे," देसांका म्हणाली. "बाईचं नाव असेल. पुरुष दोन वर्षं घरी आला नाही तर लगेच मॉस्कोच कशाला?"

दोघं हसले. मिलिसाव खिडकीशी गेला. व्हॉल्व्हच्या काचेवर स्वच्छ व्हेस्ना होतं. त्याने डोळे मिटून उघडले, तर बेचा. पुन्हा मिटले, पुन्हा व्हेस्ना. त्याला बापाचं बोट आठवलं. ओब्रादलाही दोन्ही लिप्या येत होत्या. मग ते बोट नेमकं काय वाचत होतं?

"कॉफी गार होतेय," देसांका म्हणाली. त्याने ती गारच प्यायली.

सोमवारी तो संग्रहालयात गेला. तिथल्या स्लाविका बाईंनी काचेच्या पेटीत कार्ड लावलंसुद्धा होतं.

"ते काढा," तो म्हणाला.

"का? काही चुकलं का?"

"चुकलंय का, तेच कळत नाहीये."

"मग व्हॉल्व्ह कुठले म्हणून लिहू?"

"ओब्राद तोपालोव यांचे. एवढंच."

"आणि ते होते कुठे?"

"ते नको."

"छाप तरी?"

"काचेवर आहे. ज्याचं तो वाचेल."

स्लाविका बाईंनी कार्ड काढलं. पेटीवर वाकून त्यांनी अक्षरं निरखली, मग त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही हो, बेचलिया? तुम्ही काय वाचता?"

मिलिसाव वाकला. डोळे मिटले, उघडले.

"घरून निघालो तेव्हा बेचा होतं," तो म्हणाला.