कुटाविना कोशिंबीर

दुपारी डॉक्टरांकडून परतले, तर गॅसवर चहाचं आधण उकळत होतं आणि आमचे हे ओट्याकडे तोंड करून डब्यातलं दाण्याचं कूट चमच्याने नुसतंच खात होते. माझी चाहूल लागताच त्यांनी झाकण लावलं, मिशी पुसली.

माझ्या अंगावर सारख्या गांधी उठतात म्हणून डॉक्टरांनी दाणे बंद करून बघायला सांगितलं होतं. आमच्याकडे कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत कुटाशिवाय पान हलत नाही. पण "माझं वेगळं कर" असं हे एकदाही म्हणाले नाहीत. ती पचपचीत कोशिंबीर मुकाट्याने संपवत राहिले. डॉक्टर पथ्य एकालाच सांगतात, पाळतं मात्र अख्खं घर. त्याबद्दल कोणी बोलत नाही. फार तर "आज मीठ जरा कमी पडलंय" म्हणतात.

"अहो, आता उघड खा," मी म्हटलं. "दाण्यांचा दोष नव्हता. आता दूध बंद करून बघायचंय."

त्यांचा चेहरा खुलला. मग नजर उकळत्या चहाकडे गेली. त्यात ओतायला काढलेलं दुधाचं पातेलं त्यांनी उचललं आणि परत फ्रिजमध्ये ठेवून दिलं.